तिसरं कार्ड मागवण्याआधी: अमिगा १२०० दर वीस मिनिटांनी का अडकते

"दादा, तिसरं कार्ड मागवू का? या खेपेला सरळ ०६०च घेतो, कटकट मिटेल."

पुण्याहून मावसभावाचा फोन. ०६० म्हणजे मोटोरोलाचा ६८०६० प्रोसेसर असलेलं जलद कार्ड. त्याच्याकडची अमिगा १२०० (कमोडोर कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर) मीच तीन वर्षांपूर्वी इथून, जर्मनीतून, टॉवेलात गुंडाळून कपड्यांच्या बॅगेतून नेली होती. तेव्हापासून त्याने तिच्यात दोन अ‍ॅक्सिलरेटर कार्डं (जास्त रॅम किंवा जलद प्रोसेसर देणारी) घालून पाहिली आणि दोन्ही वेळी गाऱ्हाणं तेच. कार्ड नसताना ती दिवसभर चालते. कार्ड घातलं की वर्कबेंच, म्हणजे तिचा विंडोंचा पडदा, झकास उठतं, विंडो पटापट उघडतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. नाहीतर लाल चौकटीत 'सॉफ्टवेअर फेल्युअर' आणि खाली आठ आकडी नंबर.

(अमिगा म्हणजे स्पॅनिशमध्ये मैत्रीण, म्हणून मी तिला 'ती' म्हणतो. ज्यांना 'तो' म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं.)

त्याला म्हटलं, पैसे खिशात ठेव आणि आधी मल्टिमीटर काढ. दोन वेगवेगळी कार्डं एकाच पद्धतीने बिघडत असतील, तर दोन्ही खराब असण्यापेक्षा त्यांच्या खालचं मशीन दमलेलं असण्याची शक्यता जास्त. १२०० बाजारात आली १९९२च्या ऑक्टोबरमध्ये. कमोडोर १९९४च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणजे आपल्या हातातलं सगळ्यात तरुण मशीनसुद्धा आता पंचविशी ओलांडून गेलेलं. त्यातला मूळचा ६८ईसी०२० प्रोसेसर १४.१८ मेगाहर्ट्झवर आणि २ एमबी चिप रॅमवर (चित्र-आवाजाच्या चिपसोबत वाटून घेतलेली मेमरी) आरामात रमतगमत चालतो, म्हणून दुखणी झाकलेली राहतात. पोटाखालच्या झडपेतल्या १५० पायांच्या जोडणीवर ५० मेगाहर्ट्झचं कार्ड बसवलं की तीच दुखणी वर येतात.

पहिलं काम फुकटचं आहे: नंबर लिहून ठेवा. पाच-सहा वेळा मशीन पडू द्या आणि दरवेळी काय चाललं होतं तेही शेजारी टिपा. एकाच प्रोग्रॅमला दरवेळी तोच नंबर येत असेल तर गडबड सॉफ्टवेअरची. उदाहरणार्थ, शेवटी 'बी' असलेला ८०००००० मालिकेतला नंबर बहुधा सांगतो, की प्रोग्रॅमने गणिती सहप्रोसेसर मागितला आणि तो तिथे नाही. किंवा ०४०-०६० प्रोसेसरला लागणारी लायब्ररी (सोबतची मदतनीस फाइल) बसवलेली नाही. पण कधी शेवटी ३, कधी ४, कधी नुसतंच थिजणं, तेही वर्कबेंचवर काही न करता, असं असेल तर वीज, रॅम किंवा जोडणी. भावाच्या वहीत सहा वेळा पाच वेगळ्या गोष्टी होत्या. इथेच मला नवीन कार्डाचा विषय संपला असं वाटलं.

मशीन उठतच नसेल तर पडद्याचा रंग पाहा. लाल म्हणजे रॉम, हिरवा म्हणजे चिप रॅम, निळा म्हणजे कस्टम चिप (चित्र-आवाजाच्या खास चिप). पिवळा म्हणजे प्रोसेसरला अगदी सुरुवातीलाच, त्रुटी हाताळायची सोय तयार होण्याआधी, काहीतरी भलतं सापडलं. कार्ड घातल्यावर पिवळा येत असेल तर निम्म्या वेळा कार्ड नीट बसलेलं नसतं.

आता विजेकडे. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

१२००सोबत आलेला पॉवर सप्लाय हलका आहे. त्याच्या लेबलवर ५ व्होल्टला ३ अँपिअर लिहिलेलं असतं. त्याच्या आधीच्या अमिगा ५००चा जुना जड ठोकळा साडेचारच्या आसपास देतो, आणि प्लग तोच चौकोनी. कमोडोरने काटकसर केली, कारण रिकाम्या १२००ला तेवढी वीज पुरते. पण तुम्ही त्यात ०३० कार्ड (६८०३० प्रोसेसरचं), रॅम, सीएफ कार्ड (डिस्कऐवजी वापरायचं मेमरी कार्ड) आणि फ्लॉपी ड्राइव्ह घालता. तरीही मशीन चालू होतं. सुरुवातीला सप्लाय थंड असतो आणि कसाबसा ताण पेलतो. तो तापला की ५ व्होल्टची पातळी हळूहळू खाली येते. पंधरा-वीस मिनिटांचं कोडं इथेच सुटतं.

मोजायचं कुठे, हा खरा प्रश्न. भावाने प्लग हातात धरून मोजलं आणि विजयी सुरात सांगितलं, "दादा, ५.०३ आहे! सप्लाय उत्तम!" अरे बाबा, भार नसताना सगळेच उत्तम असतात. मशीन जोडलेलं, कार्ड आत, वर्कबेंच चालू, वीस मिनिटं झालेली, आणि मग मदरबोर्डवरच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या चार तारांच्या जोडणीवर मोजायचं: लाल आणि काळी तार म्हणजे ५ व्होल्ट, पिवळी आणि काळी म्हणजे १२. मीटरची टोकं एकमेकांना लागू देऊ नका, तिथे घसरलेला हात महागात पडतो.

तसं मोजल्यावर आकडा आला ४.६८.

या काळातल्या चिपना ५ व्होल्टच्या खाली-वर ५ टक्के चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. मी स्वतः ४.८५च्या खाली गेलं की अस्वस्थ होतो. प्लगवर ५ आणि बोर्डवर ४.६८, म्हणजे मधला व्होल्टेज सप्लायच्या थकव्यात, बारीक केबलमध्ये आणि काळवंडलेल्या पिनांमध्ये गेला. आपल्याकडे नेलेल्या मशीनबद्दल एक नेहमीची शंका असते: युरोपातला सप्लाय भारतात चालेल का? चालतो. दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्टच्या सप्लायला मात्र ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याला विसरून थेट भिंतीत घालू नका.

पर्याय दोन. अमिगा ५००चा जुना सप्लाय मिळाला तर तो भाराखाली मोजून वापरा, पण तोही म्हाताराच आहे हे ध्यानात ठेवा. नाहीतर तीन व्होल्टेज देणारा नवा स्विचिंग सप्लाय: ५, १२ आणि उणे १२. मीन वेलचा आरटी-६५बी बरेच जण जुन्या ठोकळ्याच्या खोक्यात बसवतात. त्याची २३० व्होल्टची टोकं उघडी असतात, तेव्हा हे काम सवय असलेल्याकडूनच करून घ्या. उणे १२ 'कशाला हवं' म्हणून गाळू नका, आवाजाच्या भागाला आणि सीरियल पोर्टला ते लागतं. आणि केबल जाड घ्या. नवा सप्लाय घेऊन जुनीच केसासारखी तार जोडणारे मी पाहिलेत.

भावाने नवा सप्लाय बसवला, आकडा ४.९४ झाला. दर वीस मिनिटांनी पडणारी अमिगा आता दोन तासांनी पडू लागली. तो खूश, मी नाही.

मग कपॅसिटर. १२००च्या बोर्डवरचे पत्र्याच्या डब्यांसारखे दिसणारे छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात. आज गळले नसतील तर उद्या गळतील, त्यात नवल उरलेलं नाही. आतलं द्रव अल्कधर्मी असतं, ते बोर्डावर पसरून तांब्याच्या रेघा खातं. सोल्डरिंगची तापलेली टोच तिथे लावली की मासळीसारखा वास येतो, तो एकदा आला की विसरत नाही. आवाज बारीक होणं, चित्र फिकं पडणं ही उघड लक्षणं. मशीन कधी उठतं कधी उठत नाही, हे लपलेलं.

विकणाऱ्याने जाहिरातीत 'सगळे कपॅसिटर बदललेले आहेत' असं लिहिलं होतं, आणि मीही बोर्ड वरवर पाहून मान डोलावली होती. फोटो नीट मोठा करून पाहिला तर आवाजाकडचे चार नवे, बाकीचे मूळचे. चूक माझीही आहे. पुण्यात मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका हुशार पोराने गरम हवेच्या यंत्राने ते काढले. त्याला आधी सांगून ठेवावं लागलं, की हा बोर्ड जाड आहे, जमिनीचा थर उष्णता खेचून घेतो, घाई करून पक्कडीने पिळलंस तर खालचं पॅड उपटून येईल. नंतर सांडलेल्या जागी थोडं व्हिनेगर, मग पाणी, मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि पूर्ण वाळवण.

त्याच बैठकीत जोडणीही साफ करून घेतली. १२००मध्ये सोनेरी पट्ट्यांची कडा मदरबोर्डची असते आणि सॉकेट कार्डाला असतं. पट्ट्या आयसोप्रोपिल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसायच्या. सँडपेपर अजिबात नाही. पावसाळ्यात दमट हवेत उघडी पडलेली जोडणी लवकर मळते, त्यामुळे झडप काढून ठेवली असेल तर मशीन वापरात नसताना कापड टाका. कार्ड बसवताना सरळ, दोन्ही टोकांना सारखा दाब देऊन बसवा. माझ्या एका मशीनमध्ये कार्ड पार टोकापर्यंत ठोकलं की ते दिसत नाही, एक मिलिमीटर मागे ओढलं की बिनबोभाट चालतं. शास्त्र नाही, पण करून पाहायला पैसे लागत नाहीत.

एवढं करूनही जलद कार्ड लटपटत असेल तर बोर्डाची आवृत्ती वाचा. १डी.४ आणि २बी या बोर्डांबद्दल जुन्या दुरुस्तीवाल्यांचा ठरलेला प्रश्न असतो: ई१२३सी आणि ई१२५सी काढलेस का? हे दोन छोटे कपॅसिटर सिग्नलच्या कडा बोथट करतात. मूळ प्रोसेसरला त्याचं काही वाटत नाही, पण जलद कार्डाच्या वेळा चुकतात. ते काढून टाकले की बऱ्याच मशीनमधली अस्थिरता जाते. पण हा उपाय विजेच्या आणि कपॅसिटरच्या नंतरचा. आधी बोर्डावरचे भाग उपटायचे आणि मग व्होल्टेज मोजायचं, ही उलटी वरात मी दोनदा पाहिली आहे, त्यातल्या एकदा नवरदेव मीच होतो.

भावाच्या पहिल्या कार्डाची गोष्ट वेगळी होती, आणि दोन्ही दुखणी एकात मिसळल्यामुळे तो गोंधळला होता. ते ८ एमबी रॅम देणारं साधं कार्ड. ६८ईसी०२०ला २४ बिटांचाच पत्ता कळतो, म्हणजे सगळं जग १६ एमबीचं. त्यात वाढीव रॅमसाठी ८ एमबीची गल्ली ठेवलेली आहे, आणि बाजूच्या पीसीएमसीआयए खाचेतल्या कार्डाची ४ एमबी त्याच गल्लीच्या वरच्या निम्म्यात येते. रॅमने आठही घेतले की खाचेतल्या कार्डाला जागा उरत नाही. भाऊ त्या खाचेत सीएफ अडॅप्टर घालून पीसीवरून फायली आणायचा, आणि फायली आणताना मशीन पडलं की 'कार्ड खराब' म्हणायचा. कार्डावर जंपर (पिनांवरची हलवता येणारी छोटी टोपी) होता. तो ४ एमबीवर आणला आणि तो प्रश्न तिथल्या तिथे संपला. स्वतःचा पूर्ण ३२ बिटांचा प्रोसेसर असलेली कार्डं आपली रॅम १६ एमबीच्या पलीकडे ठेवतात, म्हणून त्यांच्यात हे भांडण सहसा होत नाही.

यावरून कार्डांच्या तुलनेकडे येतो. जो तो सिसइन्फो या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचे आकडे समोर ठेवतो. मला जास्त उपयोगी वाटतो तो प्रश्न असा: कुठलं कार्ड मशीनच्या कुठल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणार?

नुसतं रॅमचं कार्ड सगळ्यात कमी त्रास देतं आणि तरीही वेग जवळपास दुप्पट करतं. मूळच्या २ एमबीवर प्रोसेसर आणि चित्र-आवाजाच्या चिप यांची वाटणी असते, प्रोसेसरला थांबावं लागतं. त्याला स्वतःची रॅम मिळाली की तो मोकळा सुटतो. डब्ल्यूएचडीलोड या प्रोग्रॅमने हार्ड डिस्कवरचे गेम खेळायचे, बस्स, असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी इथेच थांबावं. पीसीएमसीआयएचा जंपर तेवढा पाहावा.

०३०ची कार्डं हा मधला आणि माझ्या मते शहाणपणाचा टप्पा. फेज ५चं जुनं ब्लिझार्ड १२३०, इंडिव्हिज्युअल कॉम्प्युटर्सची एसीए मालिका, टेरिबलफायरचं टीएफ१२३० हे त्यातले ओळखीचे चेहरे. सिसइन्फोमध्ये मूळ १२०० एक-सव्वा मिप्सच्या (सेकंदाला दहा लाख सूचना म्हणजे एक मिप्स) आसपास दाखवते, ५० मेगाहर्ट्झचं ०३० दहाच्या घरात. जुन्या ब्लिझार्डची एक गंमत शोधाशोधीत फार कामाची: रिसेट करताना '२' हे बटण दाबून धरलं की कार्ड बाजूला होतं आणि मशीन मूळ ०२०वर उठतं. कार्ड न काढता दोष कुणाचा हे कळतं. त्याला ७२ पायांची रॅमची पट्टी लागते आणि कटकट बहुतेक त्या पट्टीची असते, कार्डाची नव्हे. शेलमध्ये सीपीयू आदेशाला नोबर्स्ट हा शब्द जोडून पाहा, त्याने रॅम सलग झपाट्याने वाचणं बंद होतं. मशीन स्थिरावलं तर पट्टी बदला, किंवा रॅमच्या वेगाचा जंपर हळू बाजूला आणा. नव्या कार्डांवर रॅम सोल्डर केलेली असते, तो प्रश्नच नाही. टीएफ१२३०वर आयडीईची (डिस्क जोडायची) वेगळी, मदरबोर्डपेक्षा जलद जोडणीही आहे.

०६०चा मोह मला कळतो. सिसइन्फोचा काटा चाळिशीकडे जातो, डेमो लोण्यासारखे चालतात. पण तो प्रोसेसर ३.३ व्होल्टवर चालतो, कार्डाला ते ५मधूनच बनवावं लागतं, म्हणजे दुबळ्या सप्लायवर भार आणखी. दुसरं, मोटोरोलाने ०६०मधून काही जुन्या सूचना काढून टाकल्या: मूव्हपी, ६४ बिटांचा गुणाकार-भागाकार, काही गणिती क्रिया. त्या सॉफ्टवेअरने भरून काढायला ६८०६० लायब्ररी लागते. ती लिब्ज फोल्डरमध्ये नसेल, किंवा सेटपॅच या आदेशाची ओळ स्टार्टअप-सिक्वेन्समध्ये (मशीन उठताना चालणाऱ्या आदेशांच्या यादीत) फार खाली गेली असेल, तर कितीही महागडं कार्ड पडणारच. तिसरं, बाजारात घासून पुन्हा छापलेल्या चिप फिरतात. एलसी किंवा ईसी जातीचा तुकडा, वर पूर्ण ०६०चं नाव. एलसीत गणिती भाग नाही, ईसीत तोही नाही आणि एमएमयूही (मेमरीचे पत्ते सांभाळणारा भाग) नाही. नवी खरेदी असेल आणि दरवेळी 'बी'वाला नंबर येत असेल, तर आधी ही शंका घ्या.

पीस्टॉर्म३२ लाइटची तऱ्हाच न्यारी. या कार्डात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसतो, त्यावर मिखाल शुल्झ यांचा एमू६८ हा प्रोग्रॅम चालतो आणि तो ६८०००च्या सूचना उडत्या उडत्या पायच्या एआरएम प्रोसेसरच्या भाषेत उतरवतो. पैशाला वेग इतका दुसरं कुणी देत नाही, शिवाय पायच्या एचडीएमआयमधून स्वच्छ चित्र. खरा मोटोरोला नाही म्हणून नाकं मुरडणारे आहेत, मी त्यांच्यात नाही. पण पाय स्वतः ४.६३ व्होल्टच्या आसपास कमी विजेची तक्रार करू लागतो, आणि तो वीज खातोही भरपूर. भावाच्या ४.६८वाल्या मशीनमध्ये हे कार्ड घातलं असतं तर वीस मिनिटंसुद्धा मिळाली नसती. व्हँपायर हे आणखी एक कार्ड मी वापरलेलं नाही, त्याबद्दल मत देत नाही.

राहता राहिली डिस्क. कार्ड घातल्यावर मोठ्या फायली बिघडतात, चित्रात पट्टे येतात, संकुचित फाइल उघडताना चुका निघतात, पण मशीन पडत नाही, असं असेल तर कार्डाला हात लावू नका. हार्डडिस्क टूलबॉक्स या डिस्कच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पार्टिशनचं मॅक्सट्रान्सफर ०एक्स१एफई०० करा. म्हणजे १,३०,५६० बाइट, बरोबर २५५ सेक्टर. बऱ्याच सीएफ कार्डांना एका दमात यापेक्षा मोठा घास गिळता येत नाही. आणि किकस्टार्ट (रॉममधली मूळ सिस्टिम) ३.१ किंवा जुनं असेल तर ४ जीबीच्या पुढचं पार्टिशन करू नका. तिथे लिहायला गेलं की पत्ता वळसा घालून डिस्कच्या सुरुवातीला येतो आणि तिथलं खरवडून टाकतो. २०१८च्या ३.१.४पासून ही अडचण राहिली नाही.

कसून तपासायचं तर अमिगा टेस्ट किट फ्लॉपीवरून चालवा आणि रॅमची चाचणी रात्रभर लावून झोपा. मशीन फ्लॉपीपर्यंतही पोचत नसेल तर किकस्टार्टच्या जागी डायगरॉम हा तपासणीचा रॉम. सॉफ्टवेअरचा संशय असेल तर दोन्ही माउस बटणं दाबून चालू करा आणि स्टार्टअप-सिक्वेन्सशिवाय उठवा. तसं तासभर टिकलं तर कार्ड निर्दोष.

भावाने दुसरं, ०३०चंच कार्ड परत घातलं. नवा सप्लाय, नवे कपॅसिटर, पुसलेली जोडणी. ई१२३सीला हात लावायची वेळ आली नाही. रात्रभर रॅमची चाचणी, सकाळी शून्य चुका, बोर्डवर ४.९४. ०६० मागवायचं राहिलं. आता त्याचा एकच हट्ट उरलाय: पीसीएमसीआयए खाचेत घातलेलं नेटवर्क कार्ड रिसेटनंतर सापडत नाही, बंद करून पुन्हा चालू केलं की सापडतं. खाचेतल्या कार्डाला रिसेटचा सिग्नल नीट पोचत नाही, ही १२००ची जुनीच खोड. त्यासाठी बोर्डावर करायची एक छोटी दुरुस्ती आहे, पण त्याला म्हटलं, पावसाळा संपू दे, दिवाळीला येतो तेव्हा बघू. तोवर बटण बंद, बटण चालू.